सोलापूरचे महापौर : येतात कुठून, करतात काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महापालिकेच्या सभागृहात पत्रकारांच्या बाकावर बसून माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो, पण फोन काही थांबले नाहीत. शाळेच्या प्रकल्पासाठी चार ओळी मागणारी पोरं, "आमच्या वॉर्डातलं गटार कुणाला सांगू" म्हणणाऱ्या मावश्या, निवडणुकीला उभं राहायची खुमखुमी असलेले तरुण. तेच ते प्रश्न आणि तीच ती उत्तरं. म्हणून एकदाची इथे लिहून ठेवतो.

१. महापौर म्हणजे कोण? मुलाच्या प्रकल्पासाठी थोडक्यात सांगा.

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्ष म्हणजे महापौर. मान म्हणून त्यांना शहराचे प्रथम नागरिक म्हणतात. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आणि महापालिका झाली १ मे १९६४ ला. म्हणजे महापौर हे पद साठीच्या घरातलं. त्याआधी नगराध्यक्ष असत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८, हद्द १७८.५७ चौरस किलोमीटर आणि नगरसेवक १०२. प्रकल्पाला एवढं पुरे. चित्र काढायचं असेल तर इंद्रभुवनचं काढा. अप्पासाहेब वारदांचा हा देखणा वाडा, त्यातच महापालिका आहे. कमानी आणि नक्षी काढताना मुलाचा रविवार जाईल, हे आधीच सांगतो.

२. आम्ही महापौरांना मत दिल्याचं आठवत नाही. त्यांना निवडतं कोण?

तुम्ही दिलेलं नाहीच. तुम्ही प्रभागातले नगरसेवक निवडता. २६ प्रभाग आहेत, बहुतेक चार सदस्यांचे, म्हणून मतदान यंत्रावर तुम्हाला चार-चार बटणं दाबावी लागतात. निवडून आलेले नगरसेवक आपल्यातूनच एकाला महापौर करतात. त्याआधी मंत्रालयात आरक्षणाची सोडत निघते. पद खुल्या गटाला, महिलेला, अनुसूचित जातीला की मागासवर्गाला, हे चिठ्ठीवर ठरतं. निवडीच्या सभेत पीठासन अधिकारी म्हणून बहुधा जिल्हाधिकारी बसतात, मतदान हात वर करून होतं आणि समान मतं पडली तर पुन्हा चिठ्ठी.

नगरपरिषदांचे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले जातात. बार्शी-पंढरपूरच्या पाहुण्यांशी बोलताना गोंधळ होतो तो इथेच.

३. महापौर मोठे की आयुक्त?

मान महापौरांचा, सही आयुक्तांची. कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. कर्मचाऱ्यांच्या बदल्या, बिलं, अतिक्रमणाची कारवाई ही सगळी त्यांची कामं. आयुक्त राज्य सरकार पाठवतं. धोरणाचे आणि मोठ्या खर्चाचे ठराव सर्वसाधारण सभा करते, तिजोरीच्या किल्लीवर १६ सदस्यांची स्थायी समिती बसते आणि सभा चालवतात महापौर. एखादा विषय पत्रिकेवर घ्यायचा की नाही, कुणाला बोलू द्यायचं, सभा तहकूब कधी करायची, यातच महापौराचं कसब दिसतं. सभागृहाने केलेला ठराव सरकार महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली निलंबितही करू शकतं. म्हणजे प्रथम नागरिकांच्या हातात बरंच काही आहे, फक्त त्या हातात पेन नाही.

४. महापौर होण्याआधी ही माणसं काय करत असतात?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा सैल बसतो.

सोलापुरात नेतृत्वाचे कारखाने ठरलेले. पहिला मंडळाचा. गणेशोत्सवात लेझीमचा डाव बसवणारा पोरगा वर्गणी गोळा करतो, पोलिसांकडून परवानगी आणतो, मिरवणुकीत दोन मंडळं आमनेसामने आली की मध्ये पडतो. पाच वर्षांत त्याला गल्लीतल्या प्रत्येक घराची उंबऱ्यापर्यंतची माहिती होते. आंबेडकर जयंतीची मंडळं, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, मोहल्ल्यांतल्या कमिट्या या शाळाही त्याच वळणाच्या.

दुसरा कारखाना खरोखरच्या कारखान्याचा. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यावर हे गाव उठायचं. गिरण्यांच्या फाटकावर भाषण करायला शिकलेली माणसं आणि त्यांची मुलं पुढे सभागृहात आली. गिरण्या बंद पडल्यावर ती जागा यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटनांनी घेतली.

तिसरा पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था यांचा. अडीअडचणीला कर्ज मंजूर करणारा माणूस मत मागायला आला की दार बंद करणं जड जातं.

आणि चौथा घराण्याचा. गावात नुसतं 'तात्या' म्हटलं तरी विष्णुपंत कोठे समजायचे. त्यांचे पुत्र महेश कोठे महापौर झाले. १४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, प्रयागराजला त्यांचं निधन झालं. इकडे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेतला होमाचा दिवस होता. गर्दीत ती बातमी कानोकानी पसरली आणि लोक थबकले. पक्ष बदलले तरी घराण्याभोवतीची माणसं बदलत नाहीत, हे या गावात अनेकदा दिसलंय.

शिक्षक, वकील, डॉक्टरही येतात, नाही असं नाही. पण मंडळात न घडलेला नगरसेवक सभागृहात पहिलं वर्षभर पाहुण्यासारखा बसतो, हे माझं निरीक्षण.

५. शिक्षणाची अट आहे का? आणि वयाची?

शिक्षणाची अट नाही. वय २१ पूर्ण हवं आणि शहराच्या मतदारयादीत नाव हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवारी बाद. महापालिकेच्या मक्त्यात स्वतःचा हितसंबंध असला तरीही बाद. राखीव जागेवरच्या उमेदवाराला जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं. ते न दिल्यामुळे निवडून आलेल्यांची पदं गेल्याची उदाहरणं महाराष्ट्रभर आहेत.

६. "थोर समाजसेवक" असं प्रत्येक फ्लेक्सवर असतं. खरी समाजसेवा ओळखायची कशी?

फ्लेक्सवरून तर नाहीच. माझी एक साधी परीक्षा आहे. त्या भागातल्या चावीवाल्याला विचारा.

नव्या वाचकांसाठी सांगतो, चावीवाला म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्याच्याइतका महत्त्वाचा माणूस नाही. एका माजी महापौरांसोबत, त्या तेव्हा साध्या नगरसेविका होत्या, मी एकदा पहाटे पावणेचारला साखर पेठेत उभा होतो. हातात बॅटरी, डोक्यावर शाल. चावीवाल्याने खड्ड्यात लांब दांड्याची चावी घातली आणि बाई मोजायला लागल्या, "बारा आटे झाले की वो, अजून चार फिरवा, वरच्या बोळाला चढत नाही." किती आट्यांना कुठल्या बोळात पाणी चढतं हे तोंडपाठ! त्यांच्या कार्य अहवालात यातलं एक अक्षर नव्हतं. अहवालात होते शालेय साहित्य वाटपाचे फोटो.

वह्यावाटप, आरोग्य शिबिर, हळदीकुंकू याला मी नाव ठेवत नाही. पण तो एका दुपारचा कार्यक्रम असतो. त्यापलीकडे तीन गोष्टी बघा. माणूस प्रसूतीच्या रात्री डफरीन दवाखान्यात आला होता का? रेशनकार्ड, निराधार पगार, शाळेचा दाखला या कामांत पैसे न घेता सोबत जातो का? आणि पडलेल्या निवडणुकीनंतरच्या वर्षात ऑफिस उघडं होतं का? तिसरी कसोटी सगळ्यात कडक.

समाजसेवेला पद लागतंच असंही नाही. नरसय्या आडम मास्तर तीनदा आमदार झाले, महापौर कधी नाही. पण विडी कामगार बायांना स्वतःचं घर मिळावं म्हणून त्यांनी जो पिच्छा पुरवला त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि पुढे ३० हजार घरांचं रे नगर. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कम्युनिस्ट मास्तर आणि भाजपचे पंतप्रधान एका मंचावर, हे दृश्य बघायला मी मुद्दाम गेलो होतो.

७. महापौर अमुक समाजाचाच होतो, असं म्हणतात. खरं आहे?

नाही. पण हिशोब होतो, हे खरं. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच रिक्षात ऐकू येतात. लिंगायत, पद्मशाली, मराठा, मुस्लिम, दलित, धनगर, मोची, भटके अशा सगळ्यांची वस्ती जाड आहे आणि एकट्याच्या जोरावर सत्ता कुणालाच येत नाही. त्यामुळे महापौर एका समाजाचा, उपमहापौर दुसऱ्याचा, सभागृह नेता तिसऱ्याचा असं ताट वाढलं जातं. नावांवरूनही कळेल : राठोड, आबुटे, बनशेट्टी, यन्नम, हे लागोपाठचे चार महापौर. सभागृहाचं कामकाज मराठीत चालतं. चिमटे मात्र तेलुगूत आणि कन्नडमध्ये काढले जातात, आणि नगरसचिवांच्या इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, ते कधीच येत नाहीत. माझ्या मते अर्धा इतिहास तिथेच हरवला.

८. महिला महापौर असल्या की कारभार नवराच बघतो ना?

हा प्रश्न मला पुरुषच पाठवतात. २०१२ ते २०२२ या काळात अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा सलग चार महिला महापौर झाल्या. दोघी काँग्रेसच्या, दोघी भाजपच्या. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळे हे अपवाद राहिलेले नाहीत.

नवऱ्यांच्या लुडबुडीचं म्हणाल तर ती असते. फोन तेच उचलतात, मक्तेदार त्यांनाच भेटतात. पण सभागृहात पतिराजांना खुर्ची नाही. राजदंड पळवायला धावलेल्या विरोधकांना शांत करणं, कुणी मोकळी घागर टेबलावर आपटली तर सभा चालू ठेवणं, हे त्या खुर्चीत बसूनच करावं लागतं आणि त्या वेळी कानात सांगायला कुणी नसतं. पहिल्या सभेत कागदावरून नजर न उचलणाऱ्या बाई सहाव्या सभेत आयुक्तांना "साहेब, हे उत्तर मागच्या महिन्याचंच आहे" म्हणताना मी ऐकलंय.

९. मुदत अडीच वर्षांची ना? मग एका महापौर मॅडमना जास्त दिवस कसे मिळाले?

मुदत अडीच वर्षांचीच. शोभा बनशेट्टी मार्च २०१७ मध्ये महापौर झाल्या, म्हणजे सप्टेंबर २०१९ ला निवड व्हायला हवी होती. पण विधानसभेची निवडणूक तोंडावर होती म्हणून सरकारने राज्यातल्या त्या वेळच्या महापौरांना तीन महिने वाढवून दिले. यन्नम डिसेंबर २०१९ ला आल्या आणि मार्च २०२२ ला सभागृहाची मुदतच संपली. त्यामुळे त्यांना अडीचपेक्षा कमी वर्षं मिळाली. वर त्यातच करोना. महापौर मध्येच पायउतार झाले तर नव्या माणसाला उरलेलाच काळ मिळतो, नवी अडीच वर्षं नाहीत.

१०. २०२२ नंतर महापौर कोण होते? कुठेच नाव सापडत नाही.

सापडणार नाही, कारण कुणी नव्हतंच. इतर मागासवर्गाचं आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, राज्यभरातल्या निवडणुका रखडल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. प्रस्ताव मांडणारे साहेब आणि मंजूर करणारेही तेच! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं इंद्रभुवनाच्या आवारात नगरसेवक नव्हते. तेव्हा कामं भरभर झाली असं सांगणारे लोक भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, तुमच्या बोळातला दिवा गेला तेव्हा फोन कुणाला केलात? बहुतेकांचं उत्तर 'माजी नगरसेवकाला' असं येतं.

११. महापौरांची पार्श्वभूमी मला स्वतः तपासायची आहे. कुठून सुरुवात करू?

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रापासून. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सगळं त्यात लिहून द्यावं लागतं. ते जाहीर कागदपत्र असतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून मालमत्तेचा रकाना वाचा, करमणूक होते.

मग सभेची इतिवृत्तं. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. अर्जात "महापौरांच्या कार्याची माहिती द्या" असं लिहिलंत तर कागद कचऱ्यात जाईल. "अमुक महिन्यातल्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरीपटाची प्रत" असं नेमकं मागा. कुणी किती सभा बुडवल्या, कुठला ठराव कुणी सुचवला, कुणी अनुमोदन दिलं, सगळं त्यात असतं. एका कार्यालयाने मला ३० दिवसांऐवजी पाच महिने फिरवलं होतं. पहिलं अपील केलं आणि आठवड्यात झेरॉक्स हातात पडली. म्हणून अपिलाची तारीख डायरीत लिहून ठेवा.

१२. पाणी पाच दिवसांनी येतं. महापौरांना जबाबदार धरायचं की नाही?

धरा, पण नेमक्या गोष्टीसाठी. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं : उजनीहून सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीने, भीमा नदीवरच्या औज बंधाऱ्यातून टाकळीमार्गे, आणि हिप्परग्याच्या तलावातून. बंधारा भरायला धरणातून नदीत पाणी सोडावं लागतं आणि ते ठरवतो पाटबंधारे विभाग. वीज गेली की पंप थांबतो, वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. समांतर जलवाहिनीसाठी सत्ताधारी आणि विरोधक सगळ्यांनी इतकी वर्षं भाषणं केली की ती वाक्यं मला पाठ आहेत.

यात महापौरांच्या हातात काय? गावातलं वाटप. टाक्या आणि अंतर्गत पाईपसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवणं, हद्दवाढ भागाला झुकतं माप मिळतं की गावठाणाला हे बघणं, टँकरच्या फेऱ्यांचा हिशोब मागणं. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत आजही लोक "आम्ही शहरात आलोय का?" असं विचारतात. तो प्रश्न महापौरांनाच विचारायचा आहे. तुमच्या बोळापुरती तक्रार असेल तर आठ विभागीय कार्यालयांपैकी तुमचं जे झोन ऑफिस असेल तिथे आधी लेखी द्या.

१३. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत महापौरांचं काम काय असतं?

कायद्याने काही नाही, रिवाजाने पुष्कळ. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, मंदिराचा, मान हिरेहब्बू घराण्याचा, सात नंदीध्वज पेलणारे भक्त वेगळे. महापौर पांढरी बाराबंदी घालून किंवा साडीत संमती कट्ट्याजवळ उभे असतात, गर्दीत रेटले जातात आणि इतरांसारख्याच अक्षता टाकतात. खरं काम त्याआधी पंधरा दिवस : नंदीध्वजांच्या मार्गावरचे खड्डे, लोंबत्या तारा, फांद्या, होम मैदानावरची धूळ. नंदीध्वज उंच असतो, त्याला वायर आडवी आली की पूर्ण मिरवणूक थांबते आणि मग लोक कुणाचं नाव घेतात ते सांगायला नको.

१४. नगरसेवक मिळून आयुक्तांना घालवू शकतात का?

कायद्यात वाट आहे. एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत बोलवा असा ठराव करता येतो. आपल्या १०२ च्या सभागृहात ६४ हात वर व्हायला हवेत. पण ठराव झाला की दुसऱ्या दिवशी साहेब बॅग भरतात, असं समजू नका. आपल्याकडे जिल्हाधिकारी राहून गेलेले तुकाराम मुंढे नवी मुंबईत आयुक्त असताना २०१६ मध्ये तिथल्या सभागृहाने असा ठराव केला, तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. बाकी अधिकारांचं प्रश्न ३ मध्ये आलंय.

१५. लाल दिव्याची गाडी, पगार वगैरे?

लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभर गेला, महापौरांचाही. योगायोग असा की तो महापालिकेचा वर्धापनदिन. पगार नसतो, मानधन असतं. आपल्या वर्गातल्या महापालिकांत नगरसेवकांना महिना १० हजार रुपये ठरले होते. लग्नाच्या हंगामात अहेरालाच तेवढे जातात, असं एक नगरसेवक म्हणायचे.

१६. नगराध्यक्षांच्या काळातलं काही सांगण्यासारखं आहे का?

आहे की! ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. देशात अशी ही पहिली नगरपालिका, असं सोलापूरकर अभिमानाने सांगतात. मे महिन्यात इंग्रजी अंमल इथून काही दिवस अक्षरशः उठला, मग १२ मे ला मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. नावं पुन्हा वाचा आणि प्रश्न ७ आठवा. महापौर दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतात तो यासाठी.

१७. माजी महापौर भेटले तर हाक काय मारायची?

अण्णा, तात्या, ताई, मालक, जे आधी म्हणत होतात तेच. मात्र जुन्या पेठांत एकदा महापौर झालेला माणूस शेवटपर्यंत 'महापौर'च असतो. पार्क चौकात चहाच्या गाड्यावर मी एकदा मोठ्याने "ओ महापौर!" अशी हाक मारली, तर बाकड्यावरची दोन डोकी एकदम वळली. दोघंही माजी, दोन वेगळ्या पक्षांचे, एकाच बशीतली खारी खात होते.